तिसरा होकार

पाणीपुरवठा खात्यात तिला सगळे मीटरताई म्हणत. शिक्षणाने ती नेटवर्क इंजिनिअर, पण खात्यात माणसाचं नाव पदवीवरून पडत नाही, त्याच्या टेबलावर काय पडलेलं असतं त्यावरून पडतं. तिच्या टेबलावर कायम पोट उघडलेले मीटर असत. घरोघरच्या नळाला बसवलेले, आणि किती पाणी वापरलं ते इंटरनेटवरून खात्याला परस्पर कळवणारे.

या मीटरांच्या एका खोडीने तिला जेरीस आणलं होतं. एखाद्या भागातली वीज जायची, परत यायची, आणि त्या क्षणी हजारो मीटर एकदम जागे होऊन खात्याच्या सर्व्हरला हाका मारायला लागायचे. सर्व्हर कोणाकोणाला ओ देणार? तो मान टाकायचा. उत्तर मिळालं नाही म्हणून मीटर पुन्हा हाका मारायचे, आणि उठू पाहणारा सर्व्हर पुन्हा आडवा व्हायचा.

यावरचा उपाय तिच्या मैत्रिणीने काढला. मैत्रिणीला कॉलेजपासून सगळे झिपरी म्हणत, कारण तिचे केस कोणत्याही तेलाला किंवा पिनेला कधी जुमानले नाहीत. ती तेव्हा अशी यंत्रं बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत होती. तिचं म्हणणं असं, की वीज आली रे आली की प्रत्येक यंत्राने मनाशी एक आकडा काढावा, आणि तेवढा वेळ थांबून मगच हाक मारावी. प्रत्येकाचा आकडा वेगळा, म्हणजे गर्दी आपोआप पांगते. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण किती थांबायचं, उत्तर नाही आलं तर पुढच्या वेळी किती, धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्रांनी काय करायचं, हे सगळं लिहायला बसल्यावर त्याची चांगली जाडजूड पानं झाली.

ती पानं लिहायची होती याचं कारण, इंटरनेटवर यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलायचं हे कोणा एकाच्या हुकुमाने ठरत नाही. देशोदेशीचे इंजिनिअर गट करतात, मसुदा लिहितात, त्यावर वर्षानुवर्षं भांडतात, आणि भांडून दमले की तो मंजूर करतात. मग तो संपादकांच्या कार्यालयात जातो. तिथे त्याची भाषा तपासली जाते, शंका विचारल्या जातात, आणि शेवटी त्याला क्रमांक मिळून तो प्रसिद्ध होतो. एकदा प्रसिद्ध झाला की त्यातलं एक अक्षरही कोणाला बदलता येत नाही. म्हणूनच संपादक घाई करत नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्या दारात कायम रांग असते.

या मसुद्यावर तिघांची नावं होती. मीटरताई, झिपरी, आणि झिपरीच्याच कंपनीतला एक वरिष्ठ गृहस्थ. व्हिडिओवरच्या बैठकांना बाकी सगळे घरातल्या कपड्यांत बसत, हा एकटा कोट घालून बसे. दोघी त्याला कोटवाला म्हणत. अर्थात त्याच्या माघारी.

मसुदा मंजूर झाला आणि रांगेत लागला. आधी तो अडला, कारण त्यात उल्लेख केलेला दुसरा एक मसुदा अजून बाहेर आला नव्हता. तो आला तर कार्यालयातला हा विषय कळणारा संपादक नोकरी सोडून गेला. मग नव्या संपादकबाईंनी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

"थांबायचं कसं हे लिहिणारा कागदच थांबलाय म्हण की," मीटरताईच्या सासूबाई म्हणाल्या. घरात दोघीच असत. नवरा बोटीवर होता, वर्षातून काही महिने घरी. सासूबाईंनी उभं आयुष्य कोर्टात टायपिंग केलं होतं आणि जगातली कोणतीही गोष्ट तारीख पडल्याशिवाय होत नाही यावर त्यांची श्रद्धा होती.

या थांबण्याच्या काळात एक वाईट गोष्ट घडली. कंपनीने झिपरीचा अख्खा विभाग बंद केला. सकाळी ती दारात पोचली तर तिच्या कार्डाने दार उघडेना. तिचा डबा आणि चष्मा आतून रखवालदाराने आणून दिला. मीटरताई तिला भेटायला गेली होती, पण काय बोलावं ते तिला सुचलं नाही, आणि झिपरीने काही बोलू दिलं नाही. त्यानंतर दोघींचं बोलणं कमी होत होत बंदच पडलं. भांडण नाही, तंटा नाही. नुसतं बंद.

आणि मग एके दिवशी संपादकबाईंची मेल आली. अंतिम प्रत तयार होती. तिन्ही लेखकांनी ती वाचून 'हो' कळवायचं होतं, मग प्रसिद्धी. कार्यालयाच्या एका पानावर तिघांची नावं सगळ्यांना दिसत. होकार आला की नावापुढे हिरवी खूण.

मीटरताईने प्रत उघडली. पानापानावर संपादकबाईंनी केलेल्या दुरुस्त्या रंगवलेल्या होत्या. स्वल्पविराम, संयोगचिन्हं, लांबलेली वाक्यं मोडून केलेली छोटी वाक्यं. अधूनमधून 'लेखकाच्या सूचनेवरून' अशी नोंद. इतकं बारीक काम बघून तिला त्या न पाहिलेल्या बाईचं कौतुक वाटलं. ती चाळत शेवटापर्यंत गेली आणि 'हो' लिहून मोकळी झाली. कोटवाल्याचा होकार आधीच आलेला होता.

झिपरीच्या नावापुढे काहीच नव्हतं.

आठवडे गेले. संपादकबाईंनी आठवण केली, पुन्हा केली. झिपरीचं उत्तर नाही. मग गटप्रमुखांची मेल आली: ठरलेल्या मुदतीत तिसऱ्या लेखिकेचं उत्तर आलं नाही तर तिचं नाव पहिल्या पानावरून काढून शेवटी आभारात टाकावं आणि मसुदा पुढे सोडावा, अशी एका लेखकाची विनंती आहे. कोणत्या लेखकाची ते सांगायची गरज नव्हती.

"आभारात?" मीटरताई मोठ्याने म्हणाली. टेबलापलीकडच्या कारकुनाने दचकून वर पाहिलं. "जिने शोधलं तिचे आभार मानायचे?"

तिने झिपरीला फोन केला. उचलला गेला नाही. पुन्हा केला. मग तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बस पकडली.

झिपरी आता मावशीची लाँड्री चालवत होती. मावशीचे गुडघे गेल्यापासून धंदा बुडायला आला होता, तो तिने सावरला होता. पुढे काउंटर, मागे गरगरणारी मोठी यंत्रं, एका बाजूला वाफ सोडणारी इस्त्री आणि दोरीवर नंबराच्या चिंध्या टाचलेले कपडे. मीटरताई आत शिरली तेव्हा झिपरी एका हॉटेलच्या चादरींच्या ढिगाशी उभी होती. केस फडक्यात बांधलेले, तरी बाहेर आलेलेच.

तिने मीटरताईकडे पाहिलं. आश्चर्य नाही, हसू नाही.

"धर ते टोक," ती म्हणाली.

मीटरताईने चादरीची दोन टोकं धरली. दोघी मागे सरकल्या, चादर ताणली, झटकली, पुढे आल्या, टोकाला टोक लावलं.

"मेल बघतेस का तू?"

"बघते."

"मग उत्तर का देत नाहीस?"

"कोपरे जुळव नीट."

दुसरी चादर. मागे, झटका, पुढे.

"तुझं नाव काढायला निघालेत. आभारात टाकणार आहेत."

"टाकू देत."

"अगं, कल्पना तुझी! तुझ्या एका 'हो'साठी सगळं अडलंय."

"अडावं म्हणूनच गप्प बसलेय."

मीटरताईचा पारा चढला. "कंपनीने तुझ्यावर अन्याय केला, मान्य. पण म्हणून राग या कागदावर? इतकी वर्षं घासली आपण त्याच्यासाठी! माझे मीटर आजही वीज आली की बोंब मारतात, ते मी एकटीने निस्तरते."

झिपरीने चादर अशी झटकली की मीटरताईच्या हातातलं टोक सुटता सुटता राहिलं.

"सातवं पान वाचलंस?"

"वाचलं की."

"वाचलंस की चाळलंस?"

मीटरताईने जुळलेले कोपरे उगाच पुन्हा जुळवले.

"काढ. आत्ता काढ फोनवर."

मीटरताईने चादर खांद्यावर टाकली आणि फोन काढला. सातवं पान. संपादकबाईंच्या दुरुस्त्यांमध्ये एक वाक्य होतं, 'लेखकाच्या सूचनेवरून, स्पष्टतेसाठी' अशी नोंद असलेलं. 'ज्या यंत्रांची देखभाल उत्पादक स्वतः करतो, त्यांना थांबण्याची ही अट लागू नाही.'

तिने ते पुन्हा वाचलं.

"हे कधी आलं?"

"गटाने मंजूर केलेल्या प्रतीत नव्हतं. शेवटच्या दुरुस्त्यांत घुसवलंय. कोणी घुसवलं ते तू सांग."

सांगायची गरज नव्हती. आपली यंत्रं स्वतः सांभाळणारी कंपनी एकच होती. बाकी सगळ्यांची यंत्रं शहाण्यासारखी थांबतील, आणि हिची धावत जाऊन सगळ्यांच्या आधी दार अडवतील. मग कोणीही म्हणेल, बघा, वीज आल्यावर यांचीच यंत्रं पटकन सुरू होतात, दुसऱ्यांची मेलेली असतात.

"रांग लावायला आपण सांगायचं, आणि त्यांनी पुढे घुसायचं," झिपरी म्हणाली. "आणि त्याच्यावर माझं नाव."

"तू लिहिलं का नाहीस तसं? गटाला कळवायचंस!"

"नोकरी गेली तेव्हा त्यांनी कागदावर सही घेतलीय. कंपनीविरुद्ध बोलणार नाही, लिहिणार नाही. मावशीचं ऑपरेशन डोक्यावर होतं. केली सही." तिने खांदे उडवले. "बोलायचं नाही, लिहायचं नाही. पण 'हो' म्हटलंच पाहिजे असं त्यात नव्हतं. म्हणून गप्प बसले."

"मला फोन करायचास."

"करणार होते. मग पाहिलं तर तुझ्यापुढे हिरवी खूण. मला वाटलं, तुला चालतंय."

मीटरताईच्या खांद्यावरची चादर घसरून खाली पडली. दोघींनी तिच्याकडे पाहिलं.

"परत धुवावी लागणार," झिपरी म्हणाली. पण या वेळी तिचा आवाज मऊ होता.

घरी आल्यावर मीटरताईने लिहायला घेतलं. रागाच्या भरात दोन पानं झाली. सासूबाई चष्मा लावून मागे येऊन उभ्या राहिल्या.

"केवढं हे रामायण! वकिलाने इतकं लांबवलं की कोर्टाला वाटायचं, याची बाजू लंगडी आहे. काय झालं ते सांग मला."

तिने सांगितलं. सासूबाईंनी नुसतं 'अस्सं' म्हटलं. कोर्टातल्या चाळीस वर्षांत त्यांनी शेवटच्या प्रतीत घुसवलेली वाक्यं पाहिली असावीत, कारण त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचा भाव आला.

"तुझी सही झालीय?"

"होकार दिलाय, आई. न बघता."

"छापून झालंय?"

"नाही अजून."

"मग मागे घे. आणि दोन ओळीत लिही. विशेषणं नकोत."

मीटरताईने दोन पानं पुसली आणि लिहिलं: 'मी माझा होकार मागे घेत आहे. सातव्या पानावरचं शेवटचं वाक्य गटाने मंजूर केलेलं नाही. ते काढेपर्यंत माझा होकार धरू नये.' ही मेल तिने संपादकबाईंना पाठवलीच, पण गटातल्या झाडून सगळ्यांना पाठवली. दुसऱ्या दिवशी तिच्या नावापुढची हिरवी खूण गेलेली होती. अंतिम प्रतीवरचा होकार कोणी मागे घेतल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

कोटवाल्याचा फोन आला. आवाज लोण्यासारखा.

"ताई, अहो गैरसमज झालाय. तो नुसता भाषेचा खुलासा आहे. अर्थामध्ये काही फरक नाही."

"फरक नाही ना? मग काढून टाकू या."



"काढायला कशाला हवं?"

"तुम्हीच म्हणताय फरक पडत नाही. मग ठेवायला तरी कशाला हवं?"

"तुम्ही हट्टाला पेटलात. कागद आणखी वर्षभर अडेल, याची जबाबदारी तुमच्यावर."

"घेतली," मीटरताई म्हणाली.

संपादकबाईंनीही सगळ्यांदेखत त्याला तोच प्रश्न विचारला, अगदी कोरड्या भाषेत: हा बदल भाषेचा की अर्थाचा? भाषेचा म्हणावं तर काढायला हरकत नव्हती, आणि अर्थाचा म्हणावं तर गटाची मंजुरी लागत होती. कोटवाला बरेच दिवस गप्प राहिला, आणि मग त्याने गटाचीच मंजुरी मागितली. मसुदा परत मागे गेला. त्याच्या नावापुढे 'गटाच्या निर्णयासाठी थांबलेला' अशी ओळ लागली.

पुढच्या आठवड्यात खात्यातल्या साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. खात्याला नवे मीटर घ्यायचे होते आणि ते कोटवाल्याच्याच कंपनीकडून यायचे होते.

"बसा," साहेब म्हणाले. "मला एक फोन आला होता."

"अंदाज आहे, साहेब."

"एका वाक्यासाठी एवढा वाद? सोडून द्या की."

"सोडता येण्यासारखं असेल तर त्यांनी सोडावं. घातलंय त्यांनी."

"तुम्ही खात्यात नोकरी करता की त्या गटात?"

"खात्यातच, साहेब. म्हणूनच सांगते. उद्या शहरात त्यांचे आणि दुसऱ्यांचे मीटर शेजारी शेजारी बसले, की वीज परत आल्यावर दुसऱ्यांचे गप्प दिसणार. लोक अंदाजाने काढलेली बिलं घेऊन आपल्याकडे येणार ओरडत. त्या लोकांना 'सोडून द्या' कोण सांगणार?"

साहेबांनी पेन उघडलं, बंद केलं. ते वाईट माणूस नव्हते, पण फोन वाजला की उभे राहून उचलणाऱ्यांपैकी होते. महिन्याअखेर मीटरताईची बदली झाली. तक्रार कक्षात. तळमजल्यावर, झेरॉक्स मशीनच्या शेजारी, जिथे दिवसभर फोन खणखणतात आणि माणसं बिलं घेऊन अंगावर येतात. तिचे उघडे मीटर वरच राहिले.

"वीज गेली की मीटर बंद, हे मी वर बसून सांगत होते तर कोणी ऐकत नव्हतं," तिने घरी सांगितलं. "आता लोकच येऊन सांगतात. सगळं टिपून घेते."

"बाहेर काढल्यावर माणसाला मोकळं वाटतं," सासूबाई म्हणाल्या. "मला कोर्टातून एकदा रेकॉर्ड रूममध्ये टाकलं होतं. तिथे जे वाचायला मिळालं, अहाहा!"

गटातला वाद लांबला. कोटवाल्याच्या बाजूने रोज नवनवी माणसं लिहू लागली, ज्यांची नावं याआधी कोणी ऐकली नव्हती. मीटरताई तक्रार कक्षातून सुटली की बसमध्येच उत्तरं लिहायची. दोन ओळींची, विशेषणांशिवाय. झिपरी एक अक्षर लिहू शकत नव्हती, पण संध्याकाळी मीटरताई लाँड्रीत जायची, चादरीचं टोक धरायची, आणि आपण काय लिहिलं ते मोठ्याने वाचून दाखवायची. जिथे युक्तिवाद कच्चा असे तिथे झिपरी काही न बोलता नुसती भुवई उचलायची. सही केलेल्या कागदात भुवईचा उल्लेख नव्हता.

शेवटी गटप्रमुखांनी जाहीर केलं की हा प्रश्न समोरासमोरच्या बैठकीत सोडवू. बैठक आगगाडीने अर्ध्या दिवसाच्या अंतरावरच्या एका शहरात होती. कोणीही यावं, कोणीही बसावं, अशी त्या गटाची रीत.

"मी येते," झिपरी म्हणाली.

"तुला बोलता येणार नाही."

"माहितेय."

"मग येऊन काय करणार?"

"हुंकार देणार."

मीटरताईला क्षणभर कळलंच नाही. मग ती इतकी हसली की इस्त्रीवरची बाई बघायला लागली. त्या गटात मतदान होत नसे. हातसुद्धा वर करायचे नाहीत. प्रमुख प्रश्न विचारी, आणि ज्यांना पटलं ते तोंड मिटून घशातून हुंकार देत. ज्या बाजूचा आवाज भरीव, तिकडे कल. कोण साहेब, कोण नोकर, कोणाचा पगार कोण देतं, ते आवाजात ओळखू येत नाही, म्हणून ही रीत.

लाँड्री एक दिवस बंद ठेवणं शक्य नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "काउंटरवर मी बसते. नंबर लावून कपडे द्यायचे, फायली दिल्यासारखंच." आणि खरोखरच जाऊन बसल्या. त्या दिवशी ज्यांनी पावती आणली नव्हती त्यांना त्यांनी कपडे दिले नाहीत. त्यात एक नवरदेवही होता, असं नंतर कळलं.

बैठकीची खोली लांबट, खुर्च्या भरलेल्या. कोटवाला पहिल्या रांगेत, सोबत कंपनीची माणसं, सगळ्यांच्या गळ्यात सारखे पट्टे. त्याने झिपरीला पाहिलं आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. झिपरीने त्याला नमस्कार केला.

तो आधी बोलला. बाजारपेठ, ग्राहकांचा अनुभव, उत्पादकाची जबाबदारी. छान बोलला. मग मीटरताई माईकपाशी गेली. 

"मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात काम करते," ती म्हणाली. "वीज गेल्यावर ज्यांचा मीटर गप्प होतो ती माणसं माझ्यापुढे उभी राहतात. रांगेत. त्यांच्यात एखादा पुढे घुसला तर बाकीचे त्याला काय म्हणतात ते मी इथे सांगत नाही." खोलीत खसखस पिकली. "हा मसुदा सगळ्यांनी थांबण्याचा आहे. एकाला सूट दिली तर तो मसुदा उरत नाही, ती त्याची जाहिरात होते. आणि सूट हवीच असेल तर ती उजेडात मागायची होती. स्वल्पविरामांच्या आड दडवून नाही."

ती जाग्यावर येऊन बसली. गटप्रमुखांनी पहिला प्रश्न विचारला: वाक्य राहावं असं कोणाला वाटतं? पुढच्या रांगांतून हुंकार आला, सारखा, एका पट्टीत, तालीम केल्यासारखा. बराच मोठा होता. 

"वाक्य काढावं असं कोणाला वाटतं?"

आधी मागून कोठून तरी बारीक गुणगुण आली. मग डावीकडून. आणि मग तिच्या अगदी कानाशी झिपरी सुरू झाली. पिळायला लागलेलं मोठं यंत्र जसं आधी घुमतं आणि मग अख्ख्या खोलीला कापरं भरवतं, तसा तिचा हुंकार. कित्येक महिन्यांचं गप्प बसणं त्यात होतं. डोळे मिटलेले, तोंड घट्ट मिटलेलं, मानेच्या शिरा ताठ. मीटरताईने आपला आवाज त्यात मिसळला. पाठीमागच्या रांगा भरून आल्या, भिंतीशी उभे असलेले भरून आले. कोणाचा आवाज कोणता ते कळेनासं झालं. गटप्रमुखांना थांबवण्यासाठी टेबलावर हात आपटावा लागला.

"पुरे," ते म्हणाले. "वाक्य काढायचं."

बाहेर पडताना कोटवाला आडवा आला. थेट झिपरीला म्हणाला, "तुम्ही सही केलीय. विसरलात?"

झिपरीने दोन्ही हात पसरले. "मी एक शब्द तरी बोलले का?"

परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली. मीटरताईला झोप आली नाही. तिला वाटत होतं की आनंदाने आपण नाचलं पाहिजे, पण खरं तर तिला नुसती भूक लागली होती.

नवी अंतिम प्रत आली. या वेळी मीटरताईने ती अक्षर न् अक्षर वाचली, दोनदा. झिपरीने सातवं पान वाचलं आणि त्याच मिनिटाला 'हो' कळवलं. कोटवाल्याने सर्वांत शेवटी कळवलं, पण कळवलं. नाव काढून घेतलं असतं तर कंपनी हरली असं दिसलं असतं.

आता फक्त एक बारीक गोष्ट राहिली होती. संपादकबाईंनी झिपरीला लिहिलं: पहिल्या पानावर तुमच्या नावाखाली अजून जुन्या कंपनीचं नाव आहे. ते बदलायचं असल्यास कोणत्या संस्थेचं नाव लिहू?

झिपरीने उत्तर पाठवलं: 'लाँड्री.'

कोटवाल्याने लगेच हरकत घेतली. अशा गंभीर दस्तऐवजाच्या पहिल्या पानावर, तेही आमच्या कंपनीच्या नावाशेजारी, हे शोभत नाही. 'स्वतंत्र तज्ज्ञ' असं लिहावं. संपादकबाईंनी त्याला उत्तर दिलं: 'लेखक कुठे काम करतात ते खरं आहे की नाही एवढंच आम्ही पाहतो. शोभतं की नाही हे पाहण्याचा नियम आमच्याकडे नाही.' ही बाई हसते कशी ते बघायला मिळालं पाहिजे, असं दोघींना वाटलं.

आणि तो प्रसिद्ध झाला. क्रमांकासह, कायमचा.

कंपनीने हात टेकले असं झालं नाही. त्यांनी आपले नवे मीटर न थांबणारेच ठेवले आणि 'सर्वांत जलद' म्हणून विकायला काढले. काही ठिकाणी ते विकलेही गेले. मीटरताईच्या खात्यातही त्यांच्या खरेदीची फाईल साहेबांच्या टेबलावर आली, आणि नियमाप्रमाणे तक्रार कक्षाचा अभिप्राय मागण्यासाठी तळमजल्यावर उतरली.

अभिप्रायाला आजवर कोणी दोन शब्दांपेक्षा जास्त लिहिलं नव्हतं. 'हरकत नाही.' मीटरताईने तीन ओळी लिहिल्या, प्रसिद्ध झालेला कागद जोडला, आणि फाईल शिपायाकडे न देता स्वतः जिना चढून वर घेऊन गेली.

साहेबांनी वाचलं. 'खात्याने यापुढे घेतलेला प्रत्येक मीटर सोबतच्या नियमाप्रमाणे थांबणारा असावा. हा मीटर तसा नाही. तक्रार कक्षाची हरकत आहे.'

"हे कुठे ठरलंय?"

"जोडलंय, साहेब. खाली."

त्यांनी पान उलटलं. पहिल्या पानावर तीन नावं, तिन्हींच्या खाली नोकरीच्या तीन जागा. कंपनीचं नाव वाचून ते थबकले. मग पाणीपुरवठा खातं. आपल्याच खात्याचं नाव असं छापलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. मग त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"ही तिसरी... इथे लाँड्री लिहिलंय. छपाईची चूक दिसतेय."

"चूक नाही, साहेब. लाँड्रीच आहे."

"बदलून घेता येणार नाही का?"

"अक्षरही नाही."

साहेबांनी कागद खाली ठेवला आणि फोनकडे पाहिलं. फोन वाजत नव्हता, पण ते पाहत होते.

"ठेवून जा. बघतो."

"आत्ताच बघा," मीटरताई म्हणाली. "मला घाई नाही."

तिने समोरची खुर्ची ओढली आणि बसली.